सॉसच्या जुन्या बाटल्या आणि 'सेट पूर्ण करा' म्हणणारं गिऱ्हाईक

घरात सॉसच्या, व्हिनेगरच्या, लोणच्याच्या जुन्या काचेच्या बाटल्या असतील आणि त्या विकायची जाहिरात टाकली असेल, तर 'एक बाटली कमी आहे, ती मिळवा, मग सगळ्या घेतो' असं म्हणणाऱ्यापासून सांभाळा. माझ्या आत्याचे ४२ हजार रुपये असे गेले. तिला विचारूनच लिहिते आहे.

आत्याचे सासरे एका जिमखान्यात स्टोअर सांभाळायचे. त्यांच्या वेळच्या ली अँड पेरिन्स वूस्टर सॉसच्या तीन रिकाम्या बाटल्या तिच्याकडे होत्या. हिरवट-निळी काच, अंगावर उभं कोरलेलं कंपनीचं नाव, खांद्याभोवती गोल फिरलेली अक्षरं. तिने फोटो टाकले आणि किंमत मात्र लिहिली नाही. किंमत न लिहिलेली जाहिरात म्हणजे विकणाऱ्याला भाव माहीत नाही, हे ही मंडळी बरोबर ओळखतात.

फोन करणारा गोड बोलणारा होता. मावशी मावशी करत. लंडनच्या एका संग्राहकासाठी माल गोळा करतो म्हणाला. तीन बाटल्यांचे दहा हजार, पण सोबत हाइन्झ केचपची १८९० सालची जांभळी अष्टकोनी बाटली असेल तर चारींचे दीड लाख. शिवाय, "पाच वर्षांनी हाच सेट पाच लाखांत मिळणार नाही मावशी, मी तर म्हणतो विकूच नका." विकू नका म्हणणाऱ्यावर कोण संशय घेणार? वर दोन हजार विसार म्हणून पाठवले, आणि ते खरंच खात्यात आले.

आत्याने शोधलं तर तशी बाटली नेमकी एकाच जाहिरातीत होती, नाशिकच्या कुणाची तरी. तिने गिऱ्हाइकाला सरळ विचारलंही, "अरे, मग तूच का नाही घेत त्याच्याकडून?" उत्तर तयार होतं: "मला बाजारात सगळे ओळखतात. मी विचारलं की तो लाख सांगेल. तुम्ही घरगुती माणूस." घासाघीस करून ४२ हजारांना बाटली ठरली. पैसे गेले, कुरिअरने बाटली आली, नीट बबल रॅपमध्ये गुंडाळलेली. गिऱ्हाइकाचा नंबर त्यानंतर लागला नाही. चॅट उघडलं तर तेही रिकामं. २४ तासांनी मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग त्याने आधीच लावली होती. विक्रेता आणि गिऱ्हाईक एकाच टोळीचे होते, हे सांगायला नको.

आता बाटलीबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. हाइन्झची अष्टकोनी बाटली १८९० मध्ये आली हे खरं. म्हणून प्रत्येक अष्टकोनी बाटली १८९० ची होत नाही. हिची साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उभी रेघ, तळापासून निघून थेट ओठावरून, म्हणजे तोंडाच्या कडेवरून, वर गेली होती. अशी शिवण यंत्रावर बनलेल्या बाटलीची. मायकेल ओवेन्सचं आपोआप बाटल्या बनवणारं यंत्र आलं ते १९०३ च्या सुमारास. त्याआधीच्या बाटल्यांचा ओठ कारागीर हत्याराने फिरवून घडवायचा, त्यामुळे शिवण बहुधा ओठाखालीच पुसली जाते. नखाने चाचपूनही हे कळतं.

आणि तो जांभळा रंग! कंपनीने जांभळी बाटली काढलीच नव्हती. काच बिनरंगी दिसावी म्हणून पूर्वी तिच्यात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हलकी जांभळट होते. आत्याची बाटली मात्र वांग्यासारखी गर्द होती. इतका गडद रंग मुद्दाम किरणोत्सर्ग देऊन आणतात, आणि जाणते संग्राहक त्याला बाटलीची नासाडी समजतात. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या एका जुन्या दुकानदाराने ती हातात घेऊन लगेच खाली ठेवली. "बेगन आहे," एवढंच म्हणाला.

ली अँड पेरिन्सच्या बाटल्या खऱ्या निघाल्या. तळावर यॉर्कशायरच्या एअर अँड काल्डर बॉटल कंपनीची अक्षरं आहेत. पण हा सॉस १८३७ पासून विकला जातोय आणि या बाटल्या जगभर ढिगाने पडल्या आहेत. त्यांची किंमत हौसेपुरती. आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांचा 'सेट' कुठल्या जगात असतो? भाव बघायचाच असेल तर ईबेवर 'विकल्या गेलेल्या' वस्तूंचा फिल्टर लावून बघा. मागितलेली किंमत कुणीही काहीही लिहितो.

(हौसच असेल तर ओगलेवाडीच्या किंवा तळेगावच्या पैसा फंड कारखान्याची काच जमवा. भाव येईल न येईल, निदान आपल्या मुलखाची गोष्ट तरी हाती राहते.)

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण खात्यातून पैसे तोवर पुढे सरकले होते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "वस्तू तर मिळाली ना?" या डावाची सगळी हुशारी त्या प्रश्नात आहे. वरवर हा साधा खरेदीचा व्यवहार दिसतो, आणि दोघांचा संबंध दाखवता आला तर फसवणूक पटवून देणं सोपं जातं. आमच्या उपयोगी पडला तो विसार. ते दोन हजार ज्या खात्यातून आले आणि ४२ हजार ज्यात गेले, ती दोन्ही एकाच बँकेच्या एकाच शाखेतली निघाली. त्यावर भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली तक्रार नोंदवून घेतली गेली. त्यामुळे विसार आला तर तो कुठून आला ते लिहून ठेवा, आणि चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा.

नाशिकची ती जाहिरात आता नागपूरच्या नावाने पुन्हा लागली आहे. फोटो तोच: निळ्या फुलांच्या मेणकापडावर ठेवलेली जांभळी बाटली, उजव्या खांद्यात तांदळाएवढा बुडबुडा. ती बाटली आत्याच्या कपाटात आहे, त्यामुळे नागपूरवाल्याकडे ती असणं शक्य नाही. दिसली तर तिथेच रिपोर्ट करा.