पंधरा वर्षांची १२५ सीसी, दोन पावसाळे आणि मागच्या ब्रेकचा स्विच

इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच लिहून टाकतो. २०१० साली नोंदणी झालेली ही १२५ सीसीची गाडी मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या एका नातेवाइकांकडून घेतली. त्यानंतर तिने दोन पावसाळे काढले आणि या काळात सकाळी ती सुरू झाली नाही असे कधी घडले नाही. या वर्गातल्या गाड्यांचे मायलेज, वजन आणि पिकअप वाचकांना तोंडपाठ असते, त्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही. मला लिहायचे आहे ते पायाच्या ब्रेकला जोडलेल्या त्या लहानशा स्विचबद्दल, ज्याची किंमत गाडीतल्या जवळजवळ प्रत्येक सुट्या भागापेक्षा कमी आहे आणि ज्याने माझे पासिंग, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाची तपासणी, अडवले.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. ती संपत आली की नमुना २५ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. हा अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. मग मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात आणि पुढची ५ वर्षे मिळतात. तोपर्यंतच्या दीड दशकात सरकारचा कोणताही माणूस गाडीचा ब्रेक दाबून पाहत नाही. पीयूसी होते, पण त्या नळीला फक्त धूर कळतो. माझ्या गाडीच्या काळातल्या चार-स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम एवढी मर्यादा आहे, आणि कार्ब्युरेटर नीट लावलेली गाडी त्यात आरामात बसते. टायर गुळगुळीत असो की हँडल खडखडत असो, पीयूसीचा कागद मिळतोच. ब्रिटनमध्ये मोटारसायकल ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची असते आणि तिथे नापास होणाऱ्या गाड्यांत दिवे आणि इंडिकेटरचे दोष सर्वांत पुढे असतात, मग ब्रेक, सस्पेन्शन, टायर वगैरे येतात. आपल्याकडे मात्र एखादी गाडी भरवशाची आहे असे कुणी म्हटले की त्याचा अर्थ एवढाच असतो की ती रस्त्यात बंद पडत नाही. तपासणीत जे नापास होते त्याचा बंद पडण्याशी फारसा संबंध नसतो, हे मला या गाडीने दाखवून दिले.

पासिंगच्या आठवड्यात मी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली होती. एरवी मी तिकडे फिरकत नाही, कारण तिथे मजुरी जास्त आणि चहा फुकट असतो. पण निरीक्षकांपुढे उभी करायची गाडी एकदा कंपनीच्या माणसांनी पाहिलेली बरी, असा विचार केला. त्यांनी गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतली, ऑइल बदलले, मागचे ब्रेक लाइनर बदलले, ब्रेक ‘टाइट’ करून दिला आणि बिलावर सर्वसाधारण तपासणी अशी ओळ टाकून तिचे पैसे वेगळे लावले. निरीक्षकांनी चेसिस नंबर पाहिला, हॉर्न वाजवायला सांगितला, इंडिकेटर पाहिले आणि मागे उभे राहून पायाचा ब्रेक दाबायला सांगितला. दिवा लागला नाही. हाताच्या ब्रेकवर लागत होता, पायाच्या नाही. गाडी बाजूला घ्या आणि दुरुस्त करून आणा, एवढेच ते म्हणाले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये परत गेल्यावर जे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण अजूनही त्याची चीड येते. काउंटरवरच्या मुलाने गाडी न पाहताच वायरिंग जुने झाले आहे आणि पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा जुडगा, बदलावा लागेल असे सांगितले. त्याचा अंदाजे खर्च ऐकून मी बिल पुढे केले आणि तपासणीचे पैसे कशाचे घेतले ते विचारले. उत्तर आले की तपासणीत दिवे येत नाहीत. मग तपासणीत काय येते, हे तिथे कुणालाही सांगता आले नाही. मी गाडी घेऊन साताऱ्याच्या गोडोलीतल्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, “काका, स्विच बरोबर हाय, ब्रेक आवळलाय पण ह्यो नट कुणी फिरवलाच नाय.”

ज्यांच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे त्यांनी उजव्या पायाजवळ पाहावे. चेसिसला एका पट्टीत प्लास्टिकचा, आटे असलेला स्विच बसवलेला असतो, त्यातून निघालेली बारीक स्प्रिंग ब्रेकच्या पेडलला अडकवलेली असते. पेडल खाली गेले की स्प्रिंग स्विचमधली दांडी ओढते, आत संपर्क जुळतो आणि मागच्या बल्बची २१ वॅटची तार पेटते (टेल लॅम्पची ५ वॅटची तार वेगळी असते, त्यामुळे रात्री मागे लाल दिवा दिसतो म्हणून ब्रेकचा दिवाही चालतो असे समजू नये). आता मेख अशी की चाकाजवळच्या रॉडवरचा नट आवळून ब्रेक जवळ आणला की पेडल पूर्वीइतके खाली जात नाही. ब्रेक उत्तम लागतो, पण स्प्रिंग पुरेशी ताणली जात नाही आणि दिवा मेलेलाच राहतो. म्हणून लाइनर बदलले किंवा ब्रेक आवळला की स्विचचा नट फिरवून त्याची उंची पुन्हा जुळवायची असते. फिरवायचा तो नट, स्विच धरून ठेवायचा. स्विचच फिरवला तर खालच्या दोन वायरी पिळवटून तुटतात. हे गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे दोन मिनिटांच्या कामासाठी हार्नेस सुचवणाऱ्यांना पुस्तिका वाचायला द्यावी असे मला फार वाटले.

पहिल्या पावसाळ्यानंतर माझे मत वेगळे होते. तेव्हा हा स्विच म्हणजे कंपनीची काटकसर आहे, असे मी भेटेल त्याला ऐकवत असे. मेढ्याकडच्या पावसात आणि चिखलात दांडी अडकत असे आणि मग उलटा प्रकार होई, पाय काढला तरी दिवा जळत राही. चालवणाऱ्याला हे कळत नाही. मागच्याला तुम्ही सतत ब्रेक लावत आहात असे दिसते आणि थोड्या दिवसांत तो दिव्याकडे लक्ष देणे सोडून देतो. शिवाय एवढ्याशा बॅटरीवर २१ वॅटचा भार पडतो तो वेगळाच. मी बाजारातला स्वस्त स्विच बसवला, मग ओरिजिनल बसवला, आणि दोघांत मला काडीचाही फरक आढळला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र मेकॅनिकच्या सांगण्यावरून रबरी टोपी नीट बसवली, धुताना तिथे प्रेशरचे पाणी मारणे बंद केले आणि स्प्रिंग नवी घातली, तेव्हापासून दांडी अडकलेली नाही. आता माझे म्हणणे असे आहे की स्विच साधा आहे पण वाईट नाही. वाईट आहे ती कामाची पद्धत, ज्यात ब्रेक आवळणारा हात दिव्याकडे पाहत नाही. रात्री दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून ब्रेक दाबला की लाल उजेड पडतो की नाही ते कळते, त्याला दुसरा माणूसही लागत नाही. उसाच्या हंगामात कोरेगाव रस्त्यावर बिनदिव्यांच्या ट्रॉल्यांमागे अचानक वेग कमी करावा लागतो, तेव्हा आपल्या मागून येणाऱ्याला हा उजेड एवढीच सूचना असते.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. आपल्या जिल्ह्यात गाडी कुठे फिरते यावर तिचे दुखणे ठरते. जावळी, महाबळेश्वर बाजूला स्प्रिंगा, केबल आणि नटबोल्ट गंजतात, तर माण, खटावच्या धुळीत एअर फिल्टर आणि चेनसेट लवकर जातो. कोनसेटचा, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचा, दोष फार लोक अंगवळणी पाडून घेतात. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल हळूहळू फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला असे समजावे. मागच्या ब्रेकच्या आर्मवर बाण असतो, पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो ड्रमच्या प्लेटवरच्या खुणेला टेकला की लाइनर संपले. हा बाण पाहण्यासाठी एक पैसाही लागत नाही, म्हणून माझा तो आवडता भाग आहे.

मूळ मालकाच्या मुलाने गाडी ‘स्पोर्टी’ करण्याच्या नादात साडी गार्ड आणि डावा आरसा काढून टाकला होता. मागे बसणाऱ्यासाठी पकडायला आधार, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो, त्यामुळे ते आधीच पुन्हा बसवून घेतले. आरसा नवा घेतला, गार्ड जुन्या बाजारात मिळाले. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लावावी लागली, तिचे ४५० रुपये आणि वर जीएसटी. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेलेले आहे, आणि पर्यावरण कर त्याशिवाय. या सर्व खर्चापुढे नट फिरवण्याची मजुरी म्हणून मेकॅनिकने काही घेतलेच नाही, मी आग्रह केल्यावर ऑइलचा डबा त्याच्याकडून घ्या एवढेच म्हणाला. तो घेतला.

दुसऱ्या वेळी दोन्ही ब्रेकवर दिवा लागला आणि गाडी पास झाली. सर्व्हिस सेंटरला तपासणीचे पैसे परत मागणारे पत्र पोचदेय डाकेने पाठवले आहे. रक्कम किरकोळ आहे, पण तपासणीत दिवे येत नाहीत हे त्यांनी लेखी द्यावे अशी माझी मागणी आहे आणि अजून उत्तर आलेले नाही. कोनसेट हलकासा अडकतो आहे, तो दिवाळीनंतर बदलणार आहे, गोडोलीतच.