सांगलीतील रुबी वर्ग : नावांचे शिक्षण उत्तम, एक उणीव
सांगलीत विश्रामबागेतील एका लहान संगणक वर्गात मी रुबी या प्रोग्रामिंग भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. व्हेरिएबलचे नाव लहान अक्षराने किंवा अंडरस्कोरने सुरू होते, कॉन्स्टंटचे मात्र मोठ्या अक्षरानेच, हा नियम शिक्षकांनी हळदीच्या सौद्यावरून समजावला: रोज बदलणारा दर हे व्हेरिएबल, तर क्विंटलचे १०० किलो हा कॉन्स्टंट. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने 'दर' हे नाव व्हेरिएबल म्हणून चालते, पण कॉन्स्टंट होऊ शकत नाही, हे पडद्यावर प्रत्यक्ष पाहताना फार आनंद झाला. कॉन्स्टंटला पुन्हा किंमत दिल्यास रुबी केवळ इशारा देते, अडवत नाही. हा महत्त्वाचा भाग मात्र घाईत उरकला आणि कॉन्स्टंटमध्ये ठेवलेल्या मूळ मजकुरातील बदल रोखणाऱ्या 'फ्रीझ' या आज्ञेचा उल्लेखही झाला नाही, ही उणीव भरून काढावी.