पॅनासॉनिकची १४ मिमी एफ २.५ लेन्स आणि जवळून केलेले छायाचित्रण

वाइड, म्हणजे रुंद कोनाची, लेन्स विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डोंगररांगा, समुद्रकिनारे आणि मोठे आकाश असते. पॅनासॉनिकची लुमिक्स जी १४ मिमी एफ २.५ ही लेन्सही बहुधा याच अपेक्षेने घेतली जाते आणि तिच्याबद्दल ऐकू येणाऱ्या निराशेचे मूळ मला याच अपेक्षेत दिसते. पुण्यातले जुने वाडे, बोळ आणि कारागिरांच्या कामाच्या जागा टिपण्यासाठी ही लेन्स दीर्घकाळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ती दूरच्या दृश्यांसाठी मध्यम दर्जाची आहे, परंतु अरुंद जागेत, माणसांच्या अगदी जवळ उभे राहून काम करण्यासाठी तिच्या आकाराची आणि वजनाची दुसरी लेन्स मला मिळालेली नाही.

ही लेन्स २०१० साली मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांच्या प्रणालीसाठी आली. या प्रणालीच्या सेन्सरचा, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या भागाचा, आकार १७.३ बाय १३ मिलिमीटर असल्यामुळे १४ मिलिमीटरची ही लेन्स फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या आकाराचा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावरच्या २८ मिलिमीटरइतका, म्हणजे कर्णावर मोजल्यास ७५ अंशांचा कोन दाखवते. तिचे वजन ५५ ग्रॅम आहे आणि लांबी २०.५ मिलिमीटर. पाच गटांत बसवलेल्या सहा काचांपैकी तीन अ‍ॅस्फेरिकल, म्हणजे साध्या गोलाकारापेक्षा वेगळ्या वक्रतेच्या, आहेत; एवढ्या कमी जाडीत हा कोन साधणे त्यांच्यामुळेच शक्य झाले आहे. बाहेरचे नळकांडे प्लॅस्टिकचे असले तरी माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारा भाग, धातूचा आहे, आणि फोकस होताना लेन्सची लांबी बदलत नाही. पुढे तिची दुसरी आवृत्ती निघाली, पण ती मुख्यतः बाह्यरूपात वेगळी आहे. त्यामुळे येथे लिहिलेले दोन्हींना लागू पडावे.

मी ती पॅनासॉनिकच्याच जीएक्स८५ या कॅमेऱ्यावर वापरतो. २०१६ साली आलेल्या या कॅमेऱ्याचा सेन्सर १६ मेगापिक्सेलचा आहे, आणि बॅटरी व कार्डासह वजन ४२६ ग्रॅम भरते. म्हणजे लेन्ससह सगळे साहित्य अर्ध्या किलोच्या आत राहते. या लेन्सच्या दृष्टीने कॅमेऱ्याच्या दोन गोष्टी फार उपयोगी ठरतात: लेन्समध्ये स्थिरीकरण (हाताच्या कंपाची भरपाई करणारी यंत्रणा) नसले तरी ते कॅमेऱ्याच्या आत आहे, आणि मागचा पडदा वर उचलता येतो.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, या जोडीची खरी परीक्षा होते. तेथील कामाच्या खोल्या लहान असतात, कारागीर जमिनीवर बसून काम करतो, आजूबाजूला घंगाळी, बंब, तांब्याचे पत्रे आणि कापलेले तुकडे पसरलेले असतात, आणि छायाचित्रकाराला मागे सरकायला हात-दोन हातांपलीकडे जागा नसते. आडव्या चौकटीत ही लेन्स दोन मीटर अंतरावरून सुमारे अडीच मीटर रुंदी आणि पावणेदोन मीटरपेक्षा थोडी अधिक उंची सामावून घेते. बसलेला माणूस, त्याच्या पुढ्यातली ऐरण, हातातले भांडे आणि मागच्या भिंतीवर टांगलेले हातोडे हे सगळे एकाच चौकटीत येते, आणि तरीही माणूस लहान होऊन हरवत नाही. याहून रुंद कोन घेतला, तर खोलीच खोली दिसते आणि माणूस कोपऱ्यातल्या वस्तूसारखा होतो. याहून अरुंद घेतला, तर काम दिसते पण कामाची जागा दिसत नाही. कारागिराचे चित्र त्याच्या जागेशिवाय अपुरे राहते, असे मी मानतो, आणि म्हणूनच या कामासाठी मला हाच कोन योग्य वाटतो.

पडदा वर उचलून कॅमेरा कमरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर धरता येतो, हे येथे फार महत्त्वाचे आहे. उभे राहून, कॅमेरा खाली वाकवून घेतलेल्या चित्रात बसलेल्या माणसाचे डोके मोठे आणि पाय लहान दिसतात, आणि भिंतींच्या उभ्या रेषा खाली एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा त्याच्या छातीच्या पातळीवर आणून सरळ धरला, की रेषा सरळ राहतात आणि आपण त्याच्याकडे वरून पाहत नाही. वाड्याच्या चौकात उभे राहून वरचा सज्जा टिपतानाही हेच पथ्य पाळावे लागते. कॅमेरा वर वळवला की लाकडी खांब मागे कलल्यासारखे दिसतात, म्हणून शक्य असल्यास समोरच्या बाजूच्या जिन्याने माडीवर जाऊन समपातळीतून चित्र घ्यावे. हा लेन्सचा दोष नव्हे, प्रत्येक रुंद कोनाचा तो स्वभावच आहे; पण २८ मिलिमीटरच्या कोनात तो थोडी काळजी घेतल्यास आवरता येतो.

चौकटीच्या कडेला चेहरा ठेवू नये, हेही असेच. तीन-चार माणसे एका ओळीत बसलेली असतील, तर टोकाच्या माणसाचा चेहरा बाहेरच्या बाजूला ताणला जातो आणि जवळून घेतलेल्या चित्रात तो ताण सहज जाणवतो. अशा वेळी माणसांना मध्याकडे घेऊन कडांना भांडी, दारे, पत्रे अशा वस्तू याव्यात, अशी रचना मी करतो. एकट्या माणसाचा केवळ चेहरा टिपण्यासाठी ही लेन्स वापरू नये. तेवढ्या जवळ गेल्यावर नाक मोठे दिसते, आणि ज्याचे चित्र घेतले त्याला ते आवडत नाही, यात त्याची काहीच चूक नसते.

लेन्सच्या लहान आकाराचा उल्लेख बहुतेक ठिकाणी खिशात मावण्याच्या संदर्भात होतो. मला त्याचा अधिक मोठा लाभ समोरच्या माणसाच्या वागण्यात दिसतो. परवानगी विचारून, थोडा वेळ बसून, बोलून झाल्यावर कॅमेरा काढला, तरी मोठी लेन्स समोर आली की माणूस काम थांबवून ताठ बसतो, शर्टाची बटणे नीट करतो. या लहानशा कॅमेऱ्याकडे दोन मिनिटांनंतर फारसे कोणी पाहत नाही आणि ठोक्यांची लय पुन्हा सुरू होते. चित्र घेतले जाणार हे त्यांना ठाऊक असते, त्यांची संमती असते. फक्त त्या यंत्राचे दडपण राहत नाही.

उजेडाचा प्रश्न मात्र आहे. एफ २.५ हे या काळात मोठे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, म्हणता येणार नाही; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे. दारातून येणारा दिवसाचा उजेड आणि आत एखादी ट्यूबलाइट, अशा खोलीत मला साधारणपणे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० आणि शटर १/६० सेकंद या आसपास राहावे लागते. कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणामुळे याहून सावकाश शटरवरही भिंती आणि भांडी स्पष्ट येतात, परंतु हलणारा हात स्थिरीकरणाने थांबत नाही. मठारकामात, म्हणजे भांड्याच्या पृष्ठभागावर ठोके देण्याच्या कामात, तर हातोडीचे ठोके एकामागून एक, अगदी जवळजवळ पडत असतात; तेथे हात किंचित पुसट आणि चेहरा स्पष्ट, अशी चित्रे मला स्वतःला आवडतात, पण ज्याला हातोडी गोठवून हवी असेल त्याला आयएसओ बराच वाढवावा लागेल. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरण्याचा मोह होतो. या कॅमेऱ्यात ते टाळावे, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे वेगाने खाली येणारी हातोडी वाकडी दिसते आणि काही दिव्यांच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. जीएक्स८५चे यांत्रिक शटर पुरेसे हळू वाजते. ठोक्यांच्या आवाजात ते ऐकूही येत नाही.

फोकसच्या बाबतीत ही लेन्स अजूनही उत्तम वाटते. ऑटोफोकस जलद आहे आणि आवाज जवळजवळ नाही. मात्र फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक असून लेन्सवर अंतराचे आकडे नाहीत, त्यामुळे हाताने अंतर ठरवून काम करणाऱ्यांची गैरसोय होते. तरीही गणित सोपे आहे. एफ ५.६ ठेवून फोकस सुमारे २.३ मीटरवर ठेवला, तर साधारण १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. मंडईत किंवा तुळशीबागेच्या गर्दीत, जेथे माणसे क्षणाक्षणाला मध्ये येत असतात, तेथे मी एकदा त्या अंतरावरच्या वस्तूवर फोकस करतो आणि नंतर तो मॅन्युअलवर ठेवून देतो. मग लक्ष फक्त चौकटीकडे द्यायचे. दुसऱ्या टोकाला, ही लेन्स सेन्सरपासून १८ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पुढच्या काचेपासून सुमारे १४ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. तांब्याच्या पृष्ठभागावरचे ठोक्यांचे खळगे तेवढ्या जवळून घेतले, तर मागे कारागीर ओळखू येईल इतपतच धूसर राहतो. पार्श्वभूमी पूर्ण विरघळून जावी अशी अपेक्षा येथे ठेवू नये.

आता प्रतिमेच्या गुणवत्तेविषयी. मधला भाग एफ २.५ पासूनच चांगला तीक्ष्ण आहे. कोपरे त्या मानाने मऊ, म्हणजे कमी स्पष्ट, आहेत आणि उघड्या अ‍ॅपर्चरवर ते काळवंडतातही; एफ ४ ते ५.६ या दरम्यान दोन्ही सुधारतात, पण दूरचे कोपरे मध्याची बरोबरी कधीच करत नाहीत. यामागचे एक कारण समजून घ्यावे. या लेन्सचे मूळ चित्र कडांना बाहेर फुगलेले असते. ते सरळ करण्याचे काम कॅमेरा आणि संगणकावरचे सॉफ्टवेअर करतात, आणि त्यासाठी लागणारी माहिती रॉ फाइलमध्येच (सेन्सरवरून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच) लिहिलेली असते. त्यामुळे हा फुगीरपणा वापरणाऱ्याच्या नजरेस पडत नाही, परंतु कोपरे ताणून सरळ केल्यामुळे तेथील बारकावा थोडा कमी होतो. लेन्स इतकी लहान ठेवण्याची ही किंमत आहे. खोलीच्या चित्रात कोपऱ्यांत छत, जमीन किंवा सावली असते, म्हणून मला ती मान्य आहे. विस्तीर्ण निसर्गदृश्यात मात्र कोपऱ्यातल्या झाडाझुडपांची पानेही स्पष्ट हवी असतात.

निसर्गदृश्यांबाबतची माझी दुसरी अडचण कोनाचीच आहे. सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरून समोर चार किलोमीटरवर असलेला तीनशे मीटर उंचीचा कडा या लेन्समधून चौकटीच्या उंचीच्या जेमतेम बाराव्या भागाएवढा दिसतो. डोळ्यांना भव्य वाटलेली रांग चित्रात पातळ रेघ होते आणि उरलेली जागा आकाश आणि मोकळ्या पठाराने भरते. पायाजवळ कातळ, पाण्याचे टाके, तटबंदीचा चिरा असे काही ठळक असेल तर चित्र उभे राहते. नसेल तर त्याच ठिकाणी ४५ मिलिमीटरची लेन्स कितीतरी अधिक काम करते. शिवाय ही लेन्स पाण्यापासून संरक्षित नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. लेन्ससोबत हुडही (कडेचा उजेड अडवणारे झाकणही) येत नाही आणि सूर्य चौकटीच्या कोपऱ्यात आला, तर चित्रावर डाग उमटू शकतात. तळहाताची सावली धरणे हा उपाय मी करतो.

जीएक्स८५सोबत अनेकांकडे १२-३२ मिमीची छोटी झूम लेन्स आलेली असते, तेव्हा ही दुसरी लेन्स कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ती झूम ७० ग्रॅमची आहे, तिच्यात स्थिरीकरण आहे आणि १४ मिलिमीटरही तिच्यात आहेच. फरक सुमारे एका स्टॉपच्या, म्हणजे जवळपास दुप्पट, उजेडाचा आणि तयारीचा आहे: झूम लेन्स वापरण्यापूर्वी पिळून उघडावी लागते, ही १४ मिमीची लेन्स कॅमेरा सुरू होताच तयार असते. दिवसा, उघड्यावर चित्रे घेणाऱ्याने झूमवरच समाधान मानावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. खोल्यांमध्ये काम करणाऱ्याला तो एक स्टॉप रोज जाणवेल. उजेड अजून हवा असेल, तर पॅनासॉनिक लायकाची १५ मिमी एफ १.७ ही सर्व दृष्टींनी सरस लेन्स आहे, पण तिचे वजन ११५ ग्रॅम आहे आणि किंमतही बरीच अधिक. ऑलिम्पसच्या १७ मिमी एफ १.८ मध्ये अंतराचे आकडे असलेली फोकस रिंग आहे, जी येथे हवी होती. मात्र तो कोन लहान खोलीत मला अपुरा पडतो. या तिन्ही प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सना ४६ मिलिमीटरचे फिल्टर चालतात, हे जमवाजमव करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ही १४ मिमीची लेन्स काही काळ पॅनासॉनिकच्या जीएफ२ आणि जीएफ३ या कॅमेऱ्यांबरोबर संचातही विकली जात असे, त्यामुळे वापरलेल्या मालात ती आढळते आणि नव्यापेक्षा तीच घेणे मला शहाणपणाचे वाटते. घेताना कॅमेरा सोबत न्यावा. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर धरून एफ २.५ वर एक चित्र घ्यावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच मऊ असतील, तर लेन्स ठीक आहे; एकच बाजू इतरांपेक्षा स्पष्टपणे धूसर असेल, तर आतल्या काचा सरकलेल्या असण्याची शक्यता असते आणि ती घेऊ नये. काचेआड चार धूलिकण दिसले, तर त्यांची चिंता नको, बुरशीचे जाळे दिसले तर मात्र किंमत कितीही कमी असली तरी परत द्यावी. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात ती बुरशी वाढतच जाते.