कुर्दिश भाषांतराचं ॲप आणि सहा मेंबरांचा क्लब

स्टार पाचपैकी अडीच. दोनच देणार होतो पण आबा म्हणाले ऱ्हाऊ दे, मशीन आहे बिचारं.

तर झालं असं, आमचं कोल्हापुरात चप्पल लाईनला छोटं दुकान आहे. पुण्यात शिकणारा एक पोरगा मित्रांबरोबर पन्हाळा बघायला आलेला, इराकच्या हलब्जाकडचा, कुर्द. त्यानं कापशी पायताण घेतलं, करकर ऐकत दुकानातच दहा फेऱ्या मारल्या आणि फोटो काढून गावाकडं मामाला पाठवला. दोन दिवसांनी डायरेक्ट मामाचाच मेसेज, व्हॉट्सॲपवर, सगळा अरबीसारख्या लिपीत. टाकला भाषांतराच्या ॲपात. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, दोन वापरून बघितली, दोघांची तऱ्हा एकच.

ॲपनं भाषा ओळखली, सोरानी कुर्दिश, आणि भाषांतर दिलं: माझ्या क्लबसाठी चपला पाहिजेत, भाचा येताना आणेल.

क्लब म्हटल्यावर आमच्या डोळ्यासमोर काय येणार, आमच्याकडं गल्लीगल्लीत तालीम आणि फुटबॉलची टीम. म्हटलं मोठी ऑर्डर आली. मी होलसेल रेट पाठवला, वर विचारलं क्लबात मेंबर किती, पट्ट्यावर क्लबचं नाव पंच करायचं का. उत्तर आलं, सहा माणसं, नाव नको, त्यातली एक चार वर्षांची आहे. चार वर्षांची मेंबर! आबा म्हणाले असेल बाबा, तिकडं लवकर सुरू करत असतील. पुढं 'किनाचेसाठी लाल गोंडा लावा' असं पण आलं, तर आम्ही बारक्या जोडाच्या खोक्यावर मार्करनं 'किनाचे' लिहून मोकळे.

शेवटी भाच्याला फोन लावला, तो दोन मिनिटं नुसता हसत होता. मामा लिहितोय हवरामीत, म्हणजे त्यांच्या डोंगराकडच्या भाषेत. हवरामीत 'याना' म्हणजे घर. सोरानीत तोच शब्द क्लबला वापरतात, तिकडच्या फुटबॉल टीमांच्या नावातच असतो. आणि किनाचे हे कुणाचं नाव नव्हे, किनाचे म्हणजे मुलगी.

आता कुर्दिश म्हणजे एकच भाषा असं मलापण वाटायचं. तर तसं नाही. तुर्कस्तान, सीरियाकडं कुर्मांजी, ती रोमन लिपीत लिहितात. इराकात सुलेमानिया, एर्बिलकडं आणि शेजारच्या इराणात सोरानी, ती अरबीवरनं घेतलेल्या लिपीत. गूगलवर कुर्मांजी २०१६ ला आली आणि सोरानी डायरेक्ट २०२२ ला, आपली कोकणी आणि भोजपुरी ज्या बॅचला आली त्याच बॅचला. मराठीच तिथं २०१३ ला आलीय त्यामुळं आपण लई हसायचं कारण नाही. आणि हवरामी म्हणजे हलब्जाच्या वरच्या डोंगरातली आणि पलीकडं इराणातल्या हवरामानची. भाषेचे अभ्यासक बरेचजण म्हणतात ही कुर्दिशची बोली नव्हेच, वेगळी भाषा, आणि बोलणारे बहुतेक म्हणतात आम्ही कुर्दच. युनेस्कोनं धोक्यातल्या भाषांत तिला धरलंय. मी वापरलेल्या दोन्ही ॲपच्या यादीत मात्र ती नाही.

नाही तर नाही, त्याचं मला काय वाटत नाही. पण मग सांग की बाबा, ही भाषा मला येत नाही म्हणून! ते न सांगता शेजारची भाषा धरून ठोकून देतंय, आणि वाक्य इतकं सरळ की शंकाच येत नाही. मोडकंतोडकं भाषांतर आलं असतं तर मी आधीच फोन केला असता. क्लबचं वाक्य एकदम व्यवस्थित होतं, म्हणून तर फसलो.

आमच्याकडनं तिकडं जाणाऱ्या मेसेजची गंमत वेगळीच. कोल्हापुरीला कान असतात, अंगठा असतो, वेणी असते, हे चपलेचे भाग झाले, पण ॲपला कोण सांगणार. मी विचारलं कान मोठे पाहिजेत का बारीक, अंगठा घट्ट बसतोय का. मामाचं उत्तर आलं की देवाच्या दयेनं तब्येत ठीक आहे, डॉक्टरकडं जायची गरज नाही. मग मी भागांवर बाण काढून फोटोच पाठवायला लागलो, ते बरं पडलं.

अडीच स्टार कशाचे तर भाच्यानं मामाला सोरानीत लिहायला सांगितलं, शाळेत शिकलेली असते ती त्यांना, आणि मग गाडी बऱ्यापैकी रुळावर आली. मापं, रंग, तारखा, पैसे सगळं बरोबर. फक्त सोरानीत पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, त्यामुळं मामी प्रत्येक मेसेजात 'तो' झाली, 'त्याला टाच नको, तो बाजारात जातो' असं. हवरामीत म्हणे आपल्यासारखं लिंग आहे, म्हणजे ॲपला ती आली असती तर निदान मामी तरी मामी राहिली असती. व्हॉईस नोटच्या नादाला लागू नका, वेळ फुकट जातो.

जाता जाता मी आपली कोल्हापुरी बोली पण टाकून बघितली. 'पायताण कुठं ठेवलंयस' ला त्यानं पाय कुठं ठेवलास असं दिलं. तेव्हा मामाचं दुःख जरा जास्त कळलं.

सहाही जोड भाच्याबरोबर पोचले, खोक्यावरच्या 'किनाचे'सकट. मामानं बदल्यात त्यांच्याकडच्या क्लाश नावाच्या पायताणाचा फोटो पाठवला, हवरामानात हातानं करतात, वरचा भाग पांढऱ्या सुताचा विणलेला आणि तळ कापडाच्या पट्ट्या दाबून शिवलेला. आबांनी चष्मा लावून, झूम करून तो तळ बघितला आणि म्हणाले, ह्याला विचार कापड आत कसं दाबतात. विचारलं. उत्तर आलंय लांबलचक, पण गडी रंगात येऊन परत हवरामीत लिहायला लागलाय, आणि ॲप म्हणतंय की क्लबात बसून सांगतो. भाच्याला फॉरवर्ड केलंय, त्याची परीक्षा चालू आहे.