बर्डीतलं कॉम्प्युटरचं दुकान : अकरा वर्षांच्या पत्रिका परत मिळाल्या

मी नागपूरला महालात घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, तेरवीचे कार्ड. ११ वर्षांचं सगळं काम 'पत्रिका' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझी मशीन विंडोज ११ ला चालणारी नव्हती, म्हणून दिवाळीनंतर नवा सीपीयू घेतला. जुनी डिस्क त्यातच दुसरी डिस्क म्हणून बसवून घेतली.

फोल्डर उघडायला गेले तर परमिशन नाही, 'कंटिन्यू' दाबा, असा मेसेज. दाबलं. आता दुसरा मेसेज : परवानगी नाकारली, सिक्युरिटी टॅबमध्ये जा. तुळशीचं लग्न झालेलं, तीन घरच्या पत्रिका प्रूफला अडलेल्या. माझे हातपाय गळाले. ज्यांनी डिस्क बसवून दिली ते म्हणाले, डेटा करप्ट झाला, रिकव्हरीचे साडेसहा हजार लागतील. मी देणारच होते. प्रेसवाल्या दादांनी अडवलं आणि या दुकानाचा पत्ता दिला.

दुकान बर्डीत, मेन रोडवरून आत गल्लीत, पहिल्या माळ्यावर. जिना अरुंद आणि उभा आहे, सीपीयू घेऊन चढायला त्रास होतो. खाली उभं राहून हाक मारा, मुलगा येऊन उचलून नेतो.

दुकानदार दादांनी मशीन माझ्यासमोरच लावली, स्क्रीन माझ्याकडे वळवून. आधी विचारलं, "ताई, या फोल्डरला तुम्ही कधी काही लॉकबिक केलं होतं का?" केलं होतं. भाच्याच्या हातून एकदा एक स्मरणिका डिलीट झाली होती, तेव्हा सिक्युरिटीमधून बाकी सगळ्यांची नावं काढून फक्त माझं ठेवलं होतं. त्यांनी प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असं उघडून दाखवलं. तिथे माझं नाव नव्हतं. 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबलचक नंबर.

"हा तुमचा जुना नंबर आहे ताई. विंडोज नाव पाहत नाही, हा नंबर पाहते. नव्या मशीनवर तुम्ही नाव तेच ठेवलं, पण नंबर नवा भेटला. वावर तुमचंच आहे, पण सातबारा जुन्या खात्यावर राहून गेला. फेरफार करावा लागते, बस." आमची उमरेडकडे शेती आहे, वडिलांच्या मागे फेरफारासाठी मी स्वतः तलाठ्याकडे खेपा घातल्या आहेत. मला एका वाक्यात कळलं.

हात लावायच्या आधी त्यांनी एक गोष्ट तपासली, आणि माझा भरवसा तिथेच बसला. फाइलींवर कुलपाचं चिन्ह आहे का, म्हणजे एन्क्रिप्ट केल्या आहेत का, हे पाहिलं. तसं असतं तर मालकी बदलूनही फाइल उघडत नाही, जुन्या अकाउंटची किल्लीच लागते. माझ्या फाइलींवर तसं काही नव्हतं.

मग 'ओनर'समोर 'चेंज' करून माझं नवं अकाउंट टाकलं आणि खालच्या सगळ्या फोल्डर-फाइलींचा मालक बदला, या ओळीवर टिक केलं. मला वाटलं, झालं. त्यांनी सांगितलं की हे अर्धंच काम. मालक झालं म्हणजे परवानगी द्यायचा हक्क मिळतो, परवानगी आपोआप मिळत नाही. खिडकी बंद करून पुन्हा उघडली आणि माझ्या अकाउंटला 'फुल कंट्रोल' दिला, आतल्या सगळ्यांना लागू करून. काही फाइली तरी अडल्या, त्या त्यांनी काळ्या खिडकीत कमांड देऊन सोडवल्या. वीसेक मिनिटं लागली. २०१४ ची माझी पहिली पत्रिका उघडली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, पूर्ण डिस्कलाच असं करून टाका ना. ते नाही म्हणाले. "हे सवय लावून नका घेऊ. उद्या चालू विंडोजच्या फोल्डरवर असं केलं तर मशीन बिघडन. आपलं जेवढं आहे तेवढ्यालाच हात लावायचा." मग सगळं नव्या डिस्कवर कॉपी करायला लावलं, कट-पेस्ट नाही. कॉपी केलेल्या फाइली नव्या जागेची परवानगी घेतात आणि जुन्या डिस्कवर एक प्रत राहते.

बॅकअपचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून दिला. त्यात अशा परवानग्या नसतातच, म्हणून कोणत्याही मशीनवर उघडतो. पण कोणाच्याही हाती लागला तर तोही उघडू शकतो, हेही सांगितलं. मी तो कपाटात कुलपात ठेवते.

पैसे घेतले ४००. मी जास्त देत होते, घेतले नाहीत.

दोन तक्रारी आहेत. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि दुपारी जेवायला गेले की फोन उचलत नाहीत, मला पाऊण तास जिन्यात बसावं लागलं. सकाळी अकराच्या सुमारास जा. पासवर्ड आठवून जा, आणि जुनी डिस्क फॉरमॅट करायला कोणी सांगितलं असेल तर आधी इथे दाखवा.

बिलाच्या मागे मी त्यांच्याकडून सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहून घेतल्या. तो कागद आता मॉनिटरच्या बाजूला चिकटवला आहे. त्या तिन्ही पत्रिका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेसला गेल्या.