चोरबाजारातला '१९१७ चा' सेक्स्टंट

आमची शिडाची बोट बावीस फुटी. मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतो. सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजून समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायचं उपकरण. दर्यावर्दी अभिलाष टॉमींनी त्याच्या भरवशावर गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, तेव्हापासून आपल्याकडेही एक असावा असं मनात होतं. जीपीएसचं काय, कधीही दगा देईल.

मुंबईच्या चोरबाजारात एका दुकानात मिळाला. लाकडी पेटी, आत निळं मखमल, वजनदार पितळ, अंशांच्या रेघा असलेल्या कमानीवर कोरलेलं 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७'. "जहाज तोडलं त्यातला आहे साहेब, एकदम चालू," दुकानदार म्हणाला. अठरा हजार सांगून चौदाला दिला.

डिसेंबरात खांदेरीच्या बाहेर समुद्रात भर दुपारी सूर्याची उंची मोजली. गणित केलं, तर आम्ही मुरूड-जंजिऱ्यासमोर! अक्षांशात २४ मिनिटांची चूक. अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ४४ किलोमीटर. त्याहून वाईट म्हणजे सूर्याची प्रखरता अडवणाऱ्या काळ्या काचा नुसत्या रंगवलेल्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत उजव्या डोळ्यापुढे हिरवा डाग होता. असल्या काचेतून सूर्याकडे कृपा करून बघू नका.

घरी येऊन भिंग लावलं. व्हर्निअरचा, म्हणजे कमानीवर सरकणाऱ्या बारीक मापपट्टीचा, शून्य कमानीवरच्या रेघेशी जुळवला की त्याची शेवटची रेघही कमानीवरच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत बसायला हवी. इथे ती दोन रेघांच्या मधोमध लोंबकळत होती. खऱ्या सेक्स्टंटमध्ये आरसे सरळ करायला बारीक स्क्रू असतात. हे आरसे चक्क चिकटवलेले. आणि ते कोरलेलं नाव? केल्विन आणि ह्यूजेस या दोन कंपन्या एकत्र आल्या १९४७ साली. मग १९१७ ला हे नाव आलं कुठून? दुकानात एवढं एक आठवलं असतं, तर चौदा हजार वाचले असते.

छोट्या बोटीवर पितळेचा डौल काही कामाचा नाही. बोट हलते, हात भरून येतो. त्यापेक्षा डेव्हिस कंपनीचा प्लास्टिकचा सेक्स्टंट कितीतरी बरा. उन्हाने त्याचं माप सरकतं, म्हणून दर वेळी क्षितिजावर शून्य तपासून घ्यायचा, एवढंच. धातूचाच हवा असेल तर जुना जर्मन फ्रायबर्गर किंवा रशियन एसएनओ-टी बघा, पण पेटीच्या झाकणात तपासणीचा दाखला आहे का ते आधी पाहा. आरसे मोठे असावेत आणि दुर्बीण कमी शक्तीची, म्हणजे हलत्या बोटीवर सूर्य नजरेतून निसटत नाही.

मी परत गेलो, तेव्हा दुकानदाराने शांतपणे माझंच बिल पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं: 'पितळी शोभेची वस्तू, नग १'. घेताना मी ते वाचलंच नव्हतं.