इंग्लिश ब्रेकफास्ट चहा: पिशवी, सुटी पत्ती आणि घरचं मिश्रण

इंग्लिश ब्रेकफास्ट नावाचा मळा जगात कुठेही नाही. दार्जिलिंग म्हटलं की डोंगर ठरतो, आसाम म्हटलं की ब्रह्मपुत्रेचं खोरं ठरतं. इथे नावातून कळतं ते फक्त काम. अंडी, बेकन, लोणी फासलेला टोस्ट असा स्निग्ध नाश्ता झाल्यावर या चहाने तोंड स्वच्छ केलं पाहिजे आणि दूध घातल्यावरही चहाची चव टिकली पाहिजे. त्यासाठी दोन-तीन प्रदेशांचे काळे चहा एकत्र केले जातात. कोणते आणि किती, हे ज्याचं तो ठरवतो. त्यामुळे एका कंपनीचा इंग्लिश ब्रेकफास्ट आवडला म्हणून दुसरीचा आवडेलच असं नाही.

परीक्षण करताना म्हणूनच कोऱ्या चहावर निकाल देऊ नये. दूध घालावं आणि मग कप उजेडात धरून बघावा. चांगल्या मिश्रणाचा रंग तांबूस-केशरी होतो, त्यात तजेला असतो. कमअस्सल किंवा शिळं मिश्रण दूध पडताच मातकट, राखाडी दिसतं. पानं कुटून हवेत ठेवली की त्यांच्यात थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही द्रव्यं तयार होतात. पहिल्यामुळे चमक आणि जिभेवरची तरतरी येते, दुसऱ्यामुळे गडद रंग आणि भरीवपणा. साठवणीत चहा जुना झाला की आधी थिआफ्लेविन घटतं. म्हणून जुना चहा काळा दिसतो, पण चवीला मेलेला लागतो.

मिश्रणाचा कणा बहुतेक वेळा आसामचा असतो. मे-जूनमध्ये खुडलेल्या दुसऱ्या बहराच्या पानांना भाजलेल्या धान्यासारखा, माल्टचा वास येतो, आणि दुधाला तोंड देण्याची ताकद त्यांच्यातच असते. श्रीलंकेचा चहा त्यात उजळपणा आणि किंचित लिंबासारखी धार आणतो, तर केनियाचा झटपट उतरणारा लाल रंग. काही महागड्या मिश्रणांत चीनच्या आन्ह्वेइ प्रांतातला कीमून घालतात. त्याची धुरकट-गोडसर चव कोऱ्या चहात सुंदर लागते, दुधाखाली मात्र हरवते. रोज दूध घालून पिणार असाल तर कीमूनसाठी जादा पैसे मोजू नयेत. खोक्यावर प्रदेशांची नावं दिली असतील तर आसाम पहिला आहे का, एवढं बघावं. आयरिश ब्रेकफास्टमध्ये साधारणपणे आसामचं प्रमाण आणखी जास्त असतं. ज्यांना आपल्या कडक चहाची सवय आहे, त्यांनी खरं तर तिथून सुरुवात करावी.

आता पिशव्या. सगळ्यात उपयोगी आकडा खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात असतो, आणि तो फार थोडे लोक वाचतात. निव्वळ वजनाला पिशव्यांच्या संख्येने भागा. ट्वायनिंग्जच्या भारतात मिळणाऱ्या २५ पिशव्यांच्या खोक्यात ५० ग्रॅम चहा असतो, म्हणजे पिशवीला २ ग्रॅम. ब्रिटनमधल्या यॉर्कशायर टीच्या ८० पिशव्यांच्या खोक्यात २५० ग्रॅम, म्हणजे पिशवीला ३ ग्रॅमहून थोडा जास्त. हा फरक दीडपटीचा आहे. २ ग्रॅमची पिशवी १५० मिलिलिटरच्या कपासाठी नेमकी आहे. तीच ३०० मिलिलिटरच्या मगात टाकून वर दूध ओतलं तर चहा पाणचट होणारच, आणि मग ‘इंग्रजांचा चहा फिकाच’ असा शिक्का बसतो.

लंडनच्या स्ट्रँड भागात १७०६ पासून व्यवसायात असलेल्या ट्वायनिंग्जचा इंग्लिश ब्रेकफास्ट गोलाईदार आहे. त्याचा तुरटपणा टोचत नाही, वास स्वच्छ आहे, आणि कमी दुधात तो सर्वात चांगला लागतो: १५० मिलिलिटरला १५, फार तर २० मिलिलिटर. ऑफिसात, जिथे किटलीतलं पाणी आणि कप एवढंच हाताशी असतं, तिथे दोऱ्याची पिशवी सोयीची. यॉर्कशायर टी हॅरोगेटच्या टेलर्स कंपनीने १९७७ साली बाजारात आणला. खोक्यावर इंग्लिश ब्रेकफास्ट लिहिलेलं नसलं तरी घराणं तेच: आसाम आणि आफ्रिकेचे चहा, गडद रंग, दणकट चव. मोठा मग आणि भरपूर दूध ही तुमची पद्धत असेल तर तोच घ्यावा. कोरा पिणाऱ्याला तो राकट वाटेल.

यॉर्कशायर टीचा एक खोका ‘हार्ड वॉटर’ अशा नावाचा येतो, आणि त्याच्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या नळाला क्षारयुक्त पाणी येतं. त्यातल्या कॅल्शियम-बायकार्बोनेटमुळे चहावर तेलकट दिसणारा तपकिरी तवंग धरतो, तो कपाच्या कडेला चिकटतो, चव सपाट होते. असल्या पाण्यात रंग-चव उतरावी म्हणून ते मिश्रण बेतलेलं आहे. लंडन, केंब्रिज भागात राहणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. मँचेस्टर किंवा स्कॉटलंडमध्ये पाणी मृदू आहे, तिथे साधा खोका पुरतो. मुंबईत नळाला तलावाचं मृदू पाणी येतं, तेव्हा इंग्लंडातून गावी येताना बॅगेत ‘हार्ड वॉटर’चे खोके भरून आणायची गरज नाही. बोअरचं पाणी असलेल्या घरात मात्र हाच तवंग हमखास दिसतो. तिथे क्षार काढलेलं पाणी वापरावं. आरओचं पाणी चालतं, फक्त त्यात चहा थोडा जास्त तीक्ष्ण उतरतो, म्हणून वेळ अर्ध्या मिनिटाने कमी करावा.

दोन-तीन चहांतून एक निवडायचा असेल तर चहा-परीक्षकांची पद्धत घरीही करता येते. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं, असं ठरलेलं आहे. त्यातून येणारा चहा आवडीने प्यायचा नसतोच. तो मुद्दाम जहाल केलेला असतो, म्हणजे खोट लपत नाही. सारखे पांढरे कप, सारखं वजन, सारखी वेळ. आधी कोरा चाखा, मग प्रत्येकात एकेक छोटा चमचा दूध घाला. जळकट वास, पुठ्ठ्यासारखी चव, जिभेच्या मागे रेंगाळणारा कडवटपणा, सगळं दहा मिनिटांत समोर येतं.

करण्याच्या बाबतीत आपली सवयच आडवी येते. आपला घरचा चहा हा काढा आहे: आधण, साखर, पूड, दूध, सगळं एकत्र उकळायचं. इंग्लिश ब्रेकफास्ट हा फांट आहे. वैद्य ज्या अर्थाने फांट म्हणतात त्याच अर्थाने, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकून मुरू द्यायचं. हे मिश्रण पातेल्यात उकळलं तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि उरतो तो तुरटपणा. आल्याचा, गवती चहाचा उकळलेला चहा हवा असेल तर रोजची सीटीसी, म्हणजे गोळीदार कणांची पूड त्यासाठी कितीतरी चांगली आणि स्वस्त आहे. महाग खोका त्यात घालवू नये.

मगाची रीत अशी. पाणी ताजं घ्यावं आणि खळखळून उकळल्या-उकळल्या पिशवीवर ओतावं. हिरव्या चहासारखं निवू देऊ नये, काळ्या चहाला पूर्ण उष्णता लागते. चिनीमातीचा जाड मग असेल तर आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर थंड मगच पाण्याची धग खाऊन टाकतो. वर बशी झाकावी. २५० मिलिलिटर पाणी, ३ ग्रॅमची पिशवी, ४ मिनिटं. रंग पहिल्या मिनिटातच उतरतो आणि तिथेच फसगत होते. रंग आला म्हणून पिशवी काढली तर भरीवपणा यायचा राहून जातो. उलट पिशवी मगात विसरली तर सहाव्या-सातव्या मिनिटानंतर तुरटपणा वाढत जातो. काढताना पिशवी एकदा कडेला टेकवून निथळावी, चमच्याने करकचून पिळू नये. पिशवीत अडकलेला अर्क सर्वांत जहाल असतो.

उंचीवर राहणाऱ्यांनी वेळ थोडा वाढवावा. पुण्याला पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ला. तिथे मिनिटभर जास्त मुरवलं की मुंबईसारखा चहा उतरतो.

दुधावर इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे, आधी की नंतर. किटलीत मुरवलेला चहा कपात ओतत असाल तर दूध आधी घालण्याला आधार आहे. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००३ साली तेच सुचवलं होतं. थंड दुधावर चहा हळूहळू पडला की दूध एकदम तापत नाही, त्यातली प्रथिनं बिघडत नाहीत आणि शिजकट वास येत नाही. पण थेट मगात पिशवी टाकणाऱ्यांनी दूध कधीही आधी घालू नये. पाण्याचं तापमान तिथेच पडतं आणि पत्ती उतरायची थांबते. पिशवी बाहेर, मगच दूध.

दूध कोणतं, हा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा प्रश्न. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध, ज्यात ६ टक्के स्निग्धांश असतो, ते या चहावर भारी पडतं. वर तुपाचे बारीक थेंब तरंगतात आणि वास झाकला जातो. पिशवीतलं पाश्चराइज्ड गाईचं किंवा टोन्ड दूध, ३ ते साडेतीन टक्क्यांचं, सर्वांत जुळतं. घरी दूध तापवायची पद्धत असेल तर ते गार करून, साय गाळून घ्यावं. उकळतं दूध ओतलं की चहाला बासुंदीसारखा वास येतो, आणि मग मिश्रणात आसाम होता की आणखी काही, काहीच कळत नाही. २५० मिलिलिटरच्या मगाला २५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे दोन पोह्याचे चमचे, एवढं दूध पुरे. दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणूनच दूध पडलं की कडक चहा मऊ होतो. लिंबू आणि दूध एकत्र आलं की चहा नासतो, हे तर ठाऊकच आहे.

पिशव्यांपेक्षा सुटी पत्ती चांगली का? बहुतेक वेळा हो, पण पिशवीत कचरा भरतात म्हणून नव्हे. पिशवीतला चहा बारीक असतो कारण त्याला चार मिनिटांत उतरायचं असतं. चुरडून, फाडून, वळवून गोळीदार कण करण्याची सीटीसी पद्धत १९३०च्या दशकात आसामातच निघाली, आणि पिशवीसाठी ती सोयीची आहे. सुट्या, तुटक्या पानाच्या चहात, ज्याला बाजारात बीओपी म्हणतात, वासाचे पदर जास्त असतात. पान काळसर आणि एकसारख्या आकाराचं असावं. राखाडी छटा दिसली तर ते फार घासलं-हाताळलं गेलेलं आहे. तांबड्या काड्या जास्त असतील तर पैसे काड्यांचे जातात. किटलीत २५० मिलिलिटरला ३ ग्रॅम घ्यावा आणि छोटा वजनकाटा वापरावा. चमच्याचा भरवसा नाही, कारण एका चमच्यात सीटीसी वजनाने जास्त मावते आणि लांब पान कमी.

घरी मिश्रण करणं अवघड नाही. ५० ग्रॅमचा हिशेब सांगतो: ३० ग्रॅम आसामचा ऑर्थोडॉक्स (सीटीसी न करता पारंपरिक पद्धतीने वळलेला) बीओपी, १० ग्रॅम निलगिरी, १० ग्रॅम आसामची सीटीसी. निलगिरी इथे श्रीलंकेच्या चहाची जागा बऱ्यापैकी घेतो आणि आपल्याकडे सहज मिळतो. सीटीसी केनियाचं काम करते, रंग लवकर आणते. एवढ्यात ३ ग्रॅमचे सोळा मग होतात. एकदम अर्धा किलो करून ठेवू नये. कारण साधं आहे: बारीक कण हळूहळू डब्याच्या तळाशी जातात, वरचे चमचे फिके आणि शेवटचे जहाल होतात. काढण्याआधी डबा आडवा धरून दोनदा फिरवावा. फार कडक वाटलं तर सीटीसी ५ ग्रॅमवर आणा आणि निलगिरी १५ करा. आसाम कमी करू नका.

पावसाळ्यात हे सगळं पंधरा दिवसांत वाया जाऊ शकतं. चहा दमटपणा आणि वास दोन्ही शोषतो. मसाल्याच्या डब्याशेजारी कागदी खोका ठेवला तर आठवड्यात हिंगाची झाक येते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, गॅसपासून लांब, फ्रिजबाहेर. फ्रिजमधून काढलेल्या डब्यावर पाणी धरतं आणि तेच पत्तीत उतरतं.

खायला बरोबर काय? लोणी लावलेला ब्रून पाव, अंड्याचं ऑम्लेट, मार्मलेड टोस्ट. लिंबू पिळलेल्या पोह्यांबरोबर तो तितका रमत नाही, आंबटपणाने तुरटपणा आणखी वर येतो.

आणि किटलीत उरलेला कोरा चहा गार झाल्यावर गढूळ दिसला तर ओतून देऊ नका. थिआफ्लेविन आणि कॅफिन थंडाव्याने एकमेकांना धरतात, त्यामुळे ही साय आल्यासारखी दिसते, आणि ती भरीव, ताज्या चहातच जास्त येते. थोडं उकळतं पाणी घातलं की तो पुन्हा निवळतो.